टीबीचा मेंदूज्वर आणि शिरांतली गुठळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. टीबीच्या मेंदूज्वरात मेंदूच्या शिरांत, म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांत, रक्ताची गुठळी होणं दुर्मीळ, मग हादरलेल्या नातेवाइकांना आणखी का घाबरवायचं? आणि मेंदूत रक्तस्राव दिसत असताना रक्त पातळ करायचं औषध, हा सल्लाच धोक्याचा.

धमन्या बंद पडून होणारा पक्षाघात या आजारात कितीतरी जास्त दिसतो, हे मान्य. मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो आणि तिथल्या धमन्या त्यात सापडतात. पण शिरांतली गुठळी निसटते ती लक्षणांमुळे. डोकेदुखी, उलट्या, फिट, ग्लानी हे सगळं मेंदूज्वरातही होतं, मेंदूत पाणी साचल्यावरही होतं. औषधं चालू असताना पेशंट पुन्हा बिघडतो, साध्या सीटीत पाणी वाढलेलं दिसत नाही आणि 'आजारच जोरात आहे' असं म्हणून शोध थांबतो. साध्या सीटीत गुठळी दिसेलच असं नाही. त्यासाठी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्र दाखवणारा स्कॅन, मुद्दाम करावी लागते. हे नातेवाइकांना माहीत असलं तर ते किमान विचारू तरी शकतात. मला त्यांचं घाबरणं परवडेल, उशीर नाही.

आता रक्तस्राव. शीर तुंबली की मागे दाब वाढतो आणि रक्त झिरपतं, म्हणजे इथे रक्तस्रावाचं मूळच गुठळीत आहे. म्हणून केवळ तेवढ्यावरून हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन, नाकारत नाहीत. शंट (मेंदूत साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी) बसवायचा असेल किंवा पाठीतून पाणी काढायचं असेल तर मात्र वेळ जपून ठरवावी लागते, आणि तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टचाच.

खरी काळजी मला पुढच्या टप्प्याची वाटते, म्हणजे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांची, तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी. टीबीचं औषध रिफाम्पिसिन यकृताला वॉरफरिन भराभर निकामी करायला लावतं. मग आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी रक्ततपासणी) वर येत नाही, डोस वाढवत न्यावा लागतो. रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबानसारख्या नव्या गोळ्यांचाही असर उतरतो. पुढे रिफाम्पिसिन बंद झालं की काही आठवड्यांत तोच वाढवलेला वॉरफरिनचा डोस भारी पडतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. टीबीचा कोर्स संपला या आनंदात तपासणी राहून जाते. तोवर वॉरफरिन चालू असेल, तर रिफाम्पिसिन कधी थांबणार आणि त्यानंतर आयएनआर कधी कधी करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.