प्रेशरच नाही, मग कुठलाही पाइप चालतो?

"ठाणे-नवी मुंबईत पाण्याला प्रेशरच नाही. वॉशिंग मशीनच्या पाइपला पैसे घालू नका, बागेचा हिरवा पाइप क्लिपने आवळा. नाहीतर गीझरचा स्टीलचा कनेक्शन पाइप लावा, जन्मभर बघायला नको. टेफ्लॉन भरपूर गुंडाळा. नळ चालूच राहू द्या." ग्रुपाग्रुपांवर फिरणारा हा मेसेज मावशीकडे पोचला आणि तिने तीन मीटर हिरवा पाइप आणूनही ठेवला. म्हणून हे.

आधी प्रेशर, कारण बाकीचा मूर्खपणा त्यावरच उभा आहे. महापालिकेचं पाणी कमी दाबाने येतं, असेल. पण ते येतं सोसायटीच्या खालच्या टाकीत. ड्राय बाल्कनीतल्या नळाला दाब असतो गच्चीवरच्या टाकीचा, दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). घोडबंदर रोडच्या 20 मजली टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावरून टाकी 50 मीटर वर, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह मध्ये नसेल तर 5 बार. वरच्या मजल्यांना बूस्टर पंप असला तर तो सुरू होतानाच धक्का देतो. आणि धार बारीक म्हणजे दाब कमी, हेही खरं नाही. नळाची गाळणीची जाळी तुंबली तरी धार बारीक होते. मशीनचा व्हॉल्व्ह मिटून पाणी थांबलं की पाइपात पूर्ण दाब येऊन बसतो. रात्री कुणी पाणी वापरत नाही, तेव्हा सगळ्यात जास्त. बागेचा पाइप उन्हात मऊ पडतो, क्लिपखाली दबतो आणि एके दिवशी नोझलवरून निसटतो. मिनिटाला 15 लिटर धरा: तासाला 900 लिटर, बाल्कनीच्या मोरीची जाळी साबणाने अर्धी बुजलेली, आणि खालच्यांचं फॉल्स सीलिंग.

गीझरचा पाइप अर्धा इंची, मशीनचं तोंड पाऊण इंची. मध्ये रेड्यूसर, म्हणजे दोन मापं जोडणारा तुकडा आला, म्हणजे गळायला आणखी एक सांधा. स्टीलची जाळी आतल्या नळीला फुगू देत नाही, एवढंच. नळी आतून कडक होऊन चिरायची ती चिरतेच, आणि बाथरूमच्या ॲसिडचे शिंतोडे उडाले की जाळीच्या ताराही नटापाशी गंजून तुटतात. "जन्मभर" कुठून आलं? घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचं आयईसी 60335-1 हे मानक पुस्तिकेत अशी सूचना छापायला लावतं, की मशीनबरोबर आलेला नवाच पाइप लावा, जुना पुन्हा वापरू नका.

एवढं कबूल, की पाऊण इंची नटांचा चांगला जाळीदार पाइप साध्या पीव्हीसीपेक्षा जास्त टिकतो, आणि बदलताना तो कंपनीचाच हवा असं नाही. पाइपावर निदान 10 बार छापलेलं बघा. लांबी अशी घ्या, की मशीन भिंतीकडे सरकवल्यावर नटापाशी मुरड पडणार नाही. ॲक्वास्टॉपच्या, म्हणजे गळती झाली की पाणी आपोआप तोडणाऱ्या पाइपात मात्र व्हॉल्व्ह असतो, काहींत वायरही. तो कापायचा नाही, त्याजागी साधाही लावायचा नाही.

टेफ्लॉन, म्हणजे आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप, लागतो तो नळ भिंतीत बसतो तिथे. पाइपाच्या नटात पाणी अडवतो वायसर. टेफ्लॉनच्या गुंडाळीमुळे नट पूर्ण बसत नाही, वायसर टेकत नाही, मग पान्याने आवळाआवळ, आणि व्हॉल्व्हचे प्लॅस्टिकचे आटे तडकतात. जुना वायसर आत चिकटलेला नाही ना, बोट घालून बघा. हाताने घट्ट, वर पक्कडीने फार तर पाव फेरा. खाली कोरडा कागद ठेवून पहिलं धुणं होऊ द्या.

धुणं झालं की नळ बंद. मशीनच्या मागे हात पोचत नसेल तर प्लंबरकडून नळ वर घ्या. आणि मावशी, तो हिरवा पाइप कुंड्यांना.