बारा महिने सुरमई म्हणे!

आज सकाळी भाच्याने मालवणहून फोटो पाठवला. काकूंच्या खाणावळीच्या बंद शटरवर नवा बोर्ड लागलाय. 'लवकरच येत आहे. अस्सल मालवणी. सुरमई, पापलेट, कोळंबी बारा महिने.' त्याखाली आमच्या शाळेच्या ग्रुपवरच्या एकाची प्रतिक्रिया, 'चला, सुधारलं एकदाचं मालवण!' तेव्हापासून डोकं फिरलंय. ऑफिसमध्ये एक काम धड झालेलं नाही.

अस्सल आणि बारा महिने? हे दोन शब्द एका बोर्डावर लिहिताना पेंटरचा हात तरी कसा वळला?

काकूंच्या खाणावळीत मेनूकार्ड नव्हतं. सकाळी लिलावात जे मिळेल ते दुपारी ताटात. बांगडे असतील तर तिरफळ घालून तिखलं. पेडवे, तारले, मुडदुशे, जे परवडेल ते. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, काही लागलं तर त्या दिवशी चैन. आणि नसेल तर सरळ, 'आज नाय.' काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकडा भात, कढी, बसा जेवायला. कंडक्टर, बँकेतले कारकून, हॉस्पिटलात कोणाला तरी घेऊन आलेली गावाकडची माणसं, कॉलेजची आम्ही मुलं, सगळे तेच जेवायचे. कोणाची कुरकूर ऐकल्याचं मला आठवत नाही.

एका जुलैत आमचे साहेब सहकुटुंब मालवणला आले होते. मी गावीच होते, मोठ्या हौसेने त्यांना काकूंकडे घेऊन गेले. बाहेर धो धो पाऊस. साहेबांनी बसल्या बसल्या सुरमई थाळी मागितली. काकू म्हणाल्या, "सुरमई नाय. बंदी हा. सुको बांगडो हा, आठळ्यांची भाजी हा, कढी हा. बसतास तर वाढतंय."

साहेबांचा चेहरा पडला. "कोकणात येऊन मासे नाहीत?" काकूंनी हातातलं वाढपाचं भांडं खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "आता तेंच्या पोटात गाबोळी असता. आता खावचा नसता." गाबोळी म्हणजे माशाची अंडी. झालं. पुढे एक शब्द नाही. सॉरी नाही, दुसरं काही करून देते नाही.

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. समुद्र खवळलेला असतो आणि माशांचा विणीचा काळ असतो. बिगरयांत्रिक होड्या तेवढ्या चालतात, म्हणून पावसात कधीमधी काकूंकडे खाडीतली काळुंद्रं दिसायची. मग जुलैत थाळीत सुरमई येते कुठून? एक तर शीतगृहातून, नाहीतर लांबून बर्फात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होते आणि 14 जूनला उठते, म्हणजे आपल्या बोटी अजून किनाऱ्याला असतात तेव्हा तिकडच्या सुटलेल्या असतात. तो मासा मालवणात आणायचा, त्यावर आपला मसाला चोपडायचा आणि अस्सल म्हणून विकायचा. हे सुधारणं?

बरं, दोन दिवसांसाठी लांबून आलेल्या पर्यटकाला सुरमईच हवी असते आणि त्याच्या पैशावर गावातली कितीतरी घरं चालतात. मान्य. काकूंकडे धड हात धुवायला जागा नव्हती, हेही मान्य. पण म्हणून काय उरलेली सगळी मासळी मासळी नाही?

राग याचाच जास्त येतो. पारंपरिक मच्छीमारांसाठी आपण सगळे पोस्टी टाकतो. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर, म्हणजे झगझगीत दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर, बंदी घातली, तेव्हा ग्रुपवर नुसता जल्लोष. आणि ताटात मात्र आपल्याला जाडजूड सुरमईची तुकडी हवी, तीही जुलैत. रापणीचे पेडवे खायचे कोणी? काकू खाऊ घालायच्या. लिलावात हॉटेलवाल्यांनी मोठा मासा उचलला की मागे राहिलेल्यातलं त्या घ्यायच्या आणि त्याचं असं काही करायच्या की बोटं चाटत बसावं. तिरफळाची बी काढून टाकायची, नुसती टरफलं जराशी ठेचायची आणि कालवण उतरवता उतरवता घालायची. मला त्यांनीच शिकवलं. आधी घातलीस तर कडू होता, म्हणायच्या.

त्या दिवशीचं राहिलंच की. साहेबांच्या आई बरोबर होत्या, मूळच्या गुहागरच्या, ऐंशीच्या पुढच्या. प्रवासात त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आतून निखाऱ्यावर बांगडा भाजल्याचा वास आला तशा त्या सरळ होऊन बसल्या. काकूंनी भाजलेला बांगडा हाताने कुस्करला, कांदा, ओलं खोबरं, मिरची, कोकम, वरून कच्चं खोबरेल, आणि ती किसमूर त्यांच्या पानात वाढली. आठळ्यांच्या भाजीचा पहिला घास घेऊन आजींनी विचारलं, "सोडे घातलेत ना गं यात?" काकू म्हणाल्या, "मगे? घालूक होयेच." मग त्या दोघींचं जे सुरू झालं! साहेब गप्प बसून जेवले. आजींनी किसमूर पुन्हा मागून घेतली.

हे लिहिताना राग जरा उतरला खरा. खाणावळ बंद पडली त्यात कोणा एकाचा दोष नाही. काकूंचे गुडघे गेले. मुलगा-सून डोंबिवलीला, त्यांच्या नोकऱ्या आहेत, त्यांनी पहाटे उठून लिलावाला का उभं राहावं? मासे साफ करायला माणूस मिळेना. शेवटी शेवटी काकू पाटावर बसून एकट्याच करायच्या सगळं. काका गेल्यावर गल्ल्यावरही कोणी नव्हतं, जेवून झालं की माणसं आपणहून डब्यात पैसे टाकून जायची. बंद झाली, ठीक आहे. वय झालं की माणूस थांबणारच.

पण तिच्याच जागेवर 'बारा महिने' लिहायचं? जिथे ती बाई वर्षानुवर्षं तोंडावर नाही म्हणत आली तिथे? नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळा गाव लोटतो, समुद्राला नारळ देतो, नारळ लढवतो. ते मग कशासाठी? नुसते फोटो काढायला?

मालवणात किंवा आसपास, देवगड-वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही, अजून 'आज नाय' म्हणणारी खाणावळ चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा. स्टँडपासून कसं जायचं तेही लिहा. येत्या जुलैत मी तिथेच जेवणार आहे, आणि साहेबांच्या आईंनाही कळवणार आहे.