तिळगूळ घ्या, हळू हळू भाजा

बाहेर उणे दहा, दिवाळीनंतर लावलेल्या खिडक्या थेट गुढीपाडव्याला उघडायच्या, दारात मीठ फासलेला बर्फ, आणि आत तव्यावर गुळपोळी. अमेरिकेतलं संक्रांतीचं हळदीकुंकू हे असं. गुळपोळी ज्या बाईने पहिल्यांदा लाटली तिच्या घराला कौलं असणार, आणि धूर कौलांच्या फटींतून आपापल्या वाटेने जात असणार. आमच्या छताला फटी नाहीत. एक पांढरी प्लास्टिकची तबकडी आहे, स्मोक अलार्म म्हणतात तिला, आणि धुराचा वास लागला की ती संक्रांतीतच शिमगा सुरू करते.

इथल्या बिल्डरची समजूत अशी, की धूर म्हणजे आग. आपली अशी, की धूर म्हणजे तेल तापलं, घाला मोहरी. या दोन समजुतींचं काही केल्या पटत नाही, आणि भांडणाला तोंड फुटतं ते नेमकं पंचवीस बायका दारात बूट काढत असताना.

तेव्हा आधी तबकडीशी ओळख करून घेतलेली बरी. तिच्या मुख्य जाती दोन. एकीच्या पोटात अमेरिसियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर अंश असतो. तिला डोळ्यांना न दिसणारे बारीक कण चटकन कळतात, म्हणजे तापलेल्या तेलाचे. दुसरीत प्रकाशाचा किरण असतो. तिला जाड, दाट धूर कळतो. थोडक्यात, पहिली फोडणीला ओरडते आणि दुसरी करपलेल्या गुळाला. स्वयंपाकघराच्या जवळ दुसऱ्या जातीची असावी, आणि तीही शेगडीपासून निदान दहा फुटांवर. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये शेगडीपासून दहा फूट म्हणजे उशी. म्हणून पोळी करपली की झोपलेला माणूस आधी उठतो.

तबकडी वाजते तीही हिशेबाने. तीन पीप, थोडी विश्रांती, पुन्हा तीन पीप: हा धूर. चार पीप आणि विश्रांती: हा कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. ते गुळपोळीचं काम नव्हे. तिथे हसण्यावारी न नेता शेगडी बंद करायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि 911 लावायचा. जोडलेल्या तबकड्या असतील तर एक वाजली की साऱ्या घरातल्या वाजतात. तळघरात हद्दपार केलेली नवरे मंडळी त्यामुळे एकदम वर येतात आणि "काय झालं?" असं विचारून पोळीचा तुकडा मोडून पुन्हा खाली जातात.

तबकडीवर गप्प बसवायचं बटण असतं. ते दाबलं की साधारण आठ-दहा मिनिटं शांतता. तेवढ्यात तीन गुळपोळ्या होतात. पण बटण आठ फुटांवर आणि मराठी बाईचा हात फार तर साडेसहा फुटांपर्यंत, त्यामुळे ओट्याशेजारी झाडूचा दांडा उभा करून ठेवावा. लाटणं पुरत नाही. काही घरांत तबकडीला हॉटेलातली शॉवर कॅप घालायची पद्धत आहे. मी तिच्या ठाम विरुद्ध. टोपी घालायची आठवण सगळ्यांना राहते, काढायची कुणालाच नाही, आणि मग खरी आग लागली तरी बाई टोपी ओढून झोपलेल्या.

आता पंखा. भाड्याच्या बहुतेक घरांत शेगडीच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह टांगलेला असतो आणि पंखा त्याच्या पोटात. तो लावल्यावर विमान सुटल्यासारखा आवाज होतो, म्हणून माणसाला वाटतं की धूर निघाला न्यूआर्क विमानतळावरून. परीक्षा सोपी आहे. पंखा लावून मायक्रोवेव्हच्या वरच्या जाळीसमोर हात धरा. हाताला वारा लागला, तर तो पंखा धूर खालून ओढून, कोळशाच्या गाळणीतून फिरवून तुमच्याच तोंडावर सोडतोय. वास थोडा कमी, धूर जवळपास तेवढाच. खालची धातूची जाळी तेलाने बुजलेली असेल तर तेवढंही नाही. ती सटकन निघते. गरम पाण्यात साबण घालून घासावी. गंमत अशी, की बाथरूममधला पंखा मात्र सहसा खरोखर बाहेर हवा सोडतो. म्हणून पोळ्या स्वयंपाकघरात भाजायच्या आणि धूर बाथरूममधून काढायचा. बाथरूमचं दार सताड उघडं, पंखा चालू. पाहुण्या येण्याआधी हे उरकावं, कारण नंतर त्या दाराला कायम कडी असते.

खिडकी उघडायची तर एक पुरत नाही. एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवायचा आणि समोरच्या बाजूची खिडकी दोन बोटं उघडायची, म्हणजे हवेला येण्याजाण्याचा रस्ता होतो. एकच उघडली तर धूर जागचा हलत नाही, फक्त गार होतो.

आणि एक गोष्ट कुणी कितीही घाई केली तरी करायची नाही: फ्लॅटचं मुख्य दार धूर घालवायला उघडायचं नाही. घरातली तबकडी बहुतेक इमारतींत आपल्यापुरती ओरडते. जिन्याबाहेरच्या बोळातली मात्र सगळ्या इमारतीच्या गजराला जोडलेली असते. धूर बोळात गेला की सहा मजले खाली उतरतात. अग्निशमन दलाचे बंब येतात, लोकरीच्या टोपीत आणि सपातांत शेजारी फुटपाथवर उभे राहतात, आणि त्यांच्यामध्ये काळ्या पैठण्या नेसलेल्या, हलव्याचे दागिने घातलेल्या पंचवीस बायका. शेजाऱ्यांना चंद्रकळा म्हणजे काय ते त्या दिवशी कळतं.

मुळात गुळपोळीच धूर का करते? कारण गूळ फुटून बाहेर येतो. साखर 160–170 अंश सेल्सिअसच्या आसपास तांबूस व्हायला लागते, त्याच्या वर गेली की करपते, आणि रागावलेला तवा सहज 200 च्या पुढे जातो. म्हणजे तबकडीशी लढाई खरं तर पारीवर जिंकायची असते.

पाव किलो गूळ. इंडियन स्टोअरमधली भेली जानेवारीत दगड झालेली असते. किसायला गेलात तर किसणी हरते. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद, मग किसा. दोन मोठे चमचे बेसन तेवढ्याच तेलात तांबूस भाजायचं. अर्धी वाटी पांढरे तीळ आणि चमचाभर खसखस कोरडी भाजून कुटायची. जायफळ. बेसन कोमट असतानाच सगळं गुळात घालून तळहाताने रगडत मळायचं, आणि रगडायचं म्हणजे रगडायचं. एक खडा राहिला तरी लाटताना तो पारीला भोक पाडतो, आणि तव्यावर त्याच भोकातून ज्वालामुखी. खसखशीबद्दल एक सूचना: इथल्या सुपरमार्केटात मिळते ती निळी-काळी, बेगल नावाच्या गोल पावावर लावायची. पांढरी इंडियन स्टोअरमध्येच. पाहुण्यांत कुणी अमेरिकन सैन्यात असेल तर तिच्या ताटात खसखस नको. लघवीच्या तपासणीत अफूचा अंश निघू शकतो, म्हणून 2023 मध्ये तिथल्या संरक्षण खात्यानेच आपल्या लोकांना ती टाळायला सांगितलं आहे.

वरच्या आवरणाला दीड वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, चिमूट मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. कणीक इंडियन स्टोअरमधलीच. सुपरमार्केटातल्या 'होल व्हीट'मध्ये कोंडा जाड असतो. तो पारी आतून टोचतो. पीठ आणि गूळ, दोन्ही सारखेच घट्ट हवेत. पीठ सैल झालं तर ते पळतं आणि गूळ मागे राहतो, गूळ सैल झाला तर उलट. दोन लहान पाऱ्या, मध्ये त्यांच्याहून किंचित लहान गुळाची चपटी गोळी, कडा दाबून बंद, आणि तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटायचं, गूळ कडेपर्यंत पोचेस्तोवर. जिथे पोचला नाही ती कड कातण्याने सरळ कापून टाकायची. कुणी हिशेब मागत नाही.

भाजायचं मध्यम आचेवर. फुटलीच एखादी, तर ती उचलून तवा ओल्या फडक्याच्या बोळ्याने पुसल्याशिवाय पुढची टाकायची नाही. करपलेल्या गुळाला दुसरी पोळी चिकटते, ती फाटते, तिचा गूळ वाहतो, आणि धुराचं चक्रवाढ व्याज सुरू होतं. काचेच्या सपाट शेगडीवर एक वेगळाच त्रास. बटण बंद केलं तरी तांबडं वर्तुळ बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून आच कमी करायची तर बटण फिरवायचं नाही, तवा उचलायचा. गॅसवर वाढलेल्या हाताला हे कळायला दोन संक्रांती लागतात.

माझी पसंती विजेच्या थर्मोस्टॅटवाल्या सपाट तव्याला. 350 अंश फॅरनहाइटवर ठेवला की एका वेळी चार पोळ्या होतात, आणि तो आपणहून रागावत नाही. फक्त हिशेब ठेवावा. इथली वीज 120 व्होल्टची, ओट्यावरच्या प्लगला सहसा 20 अँपिअर, म्हणजे एका सर्किटवर 2400 वॉट. तवा 1500 चा. त्याच सर्किटवर कुणी "जरा भात गरम करते गं" म्हणत मायक्रोवेव्ह लावला, की ओट्यावरची वीज गेली. मग तळघरातल्या मंडळींना खरंखुरं काम मिळतं.

याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे पोळ्या तीन दिवस आधीच करणं. गुळपोळी गार झाल्यावरच खुसखुशीत लागते आणि आठवडाभर आरामात टिकते. गरम गूळ जीभ भाजतो तो वेगळाच. हे सगळ्यांना ठाऊक असूनही शनिवारी ऐन वेळी तवा चढतोच, कारण एक मावशी तरी येतातच, ज्या डब्यातली पोळी बघून विचारतात, "अगंबाई, गरम नाही का?"

हो, शनिवारी. संक्रांत 14-15 जानेवारीला कुठल्याही वारी येवो, इथे ती शनिवारी दुपारी तीन ते सहा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं ही आपल्या पूर्वजांची अनिवासी भारतीयांवर मोठी कृपा आहे. पण शनिवार हाती लागतात मोजकेच, एखादा हिमवादळात जातो, आणि उरलेल्यांवर दहा घरांचा डोळा. तारीख दिवाळीच्या पाडव्यालाच कळवून ठेवावी. "काही आणू का गं?" "छे, नुसती ये." या संवादाचा अर्थ अर्ध्या ट्रेचा मसालेभात असा होतो. ॲल्युमिनियमचा अर्धा ट्रे साधारण दहा-बारा जणींना पुरतो. तो उचलताना खाली बेकिंग शीट धरावी, नाहीतर ट्रे मध्येच वाकतो आणि भात गाडीच्या सीटवर हळदीकुंकवाला बसतो. भात बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. ओव्हनमध्ये 200 फॅरनहाइटवर, वर फॉइल घट्ट. ओव्हन लावण्याआधी मात्र तो उघडून बघा. थंडीत विरजण ओव्हनच्या दिव्याच्या उबेला लावलेलं असतं, आणि तापलेल्या ओव्हनमध्ये दह्याबरोबर दह्याचा डबाही वितळतो.

पथ्यांचं विचारून घ्यावं. सीलिॲक असलेल्या, म्हणजे गहू न चालणाऱ्या पाहुणीला पोळी नको हे सगळ्यांना कळतं, हिंगाचं कळत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात सहसा गव्हाचं पीठ असतं, म्हणून तिच्यासाठी तांदळाच्या पिठातला हिंग वेगळा आणावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मराठी स्वयंपाकात उरतं काय, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

कोटांचं सांगायचं राहिलं. पंचवीस काळी पिसांची जाकिटं बेडरूममधल्या पलंगावर पडतात आणि पिसं फोडणीचा वास जन्मभर विसरत नाहीत. त्या खोलीचं दार बंद, खालच्या फटीला टॉवेल. नाहीतर सोमवारी पंचवीस ऑफिसांत मोहरी-हिंग दरवळतो. जाताना सगळी जाकिटं सारखीच दिसतात, म्हणून दारातला निरोप चाळीस मिनिटं चालतो. त्यातली दहा तरी "हे माझं नाही"ची.

आणि मग रात्री तीन वाजता, सगळं आवरून झोपल्यावर, तबकडी एकदाच "टिक" करते. मिनिटभराने पुन्हा "टिक". धूर नाही, बॅटरी उतरलीय. हे पहाटेच्या आधीच होतं, कारण घर गार पडलं की उतरलेल्या बॅटरीचा दाब आणखी कमी होतो. तिला बऱ्याचदा लागते नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, जी कुठल्याच घरात कधीच नसते. रिमोटच्या बॅटऱ्या किलोभर असतात. खुर्चीवर चढून तबकडी उतरवावी आणि उशीखाली घालावी, तरी आतल्या उरलेल्या विजेवर ती थोडा वेळ टिकटिकते.

वाण म्हणून डॉलरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्या गेली दहा वर्षं याच पंचवीस घरांत फिरताहेत. यंदा मी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लुटणार आहे.