‘स्वयंसेवकांनी बाजूला राहावं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच. पूर, दरड, आग किंवा कुणी बुडालं तर स्वयंसेवकांची लुडबुड नको, प्रशिक्षित दल येईपर्यंत कुणी हात लावू नये. फुकट काम करणाऱ्याला शिस्त नसते, जबाबदारी नसते. हे लोक फोटोसाठी येतात. बघ्यांची गर्दी होते आणि उडी घेणाराच बुडतो. आणि गावकऱ्यांनीच काम केलं की सरकारला पळवाट मिळते. मेसेज पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, हे मला मान्य आहे. पण त्यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत आणि ती खरी मानून लोक थांबले तर माणसं जातील.

आधी ‘थांबा’ याबद्दल. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, आपल्याकडची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या खाली कोकणात आणून ठेवतात, ते चांगलंच आहे. तरी अतिवृष्टीत पहिल्यांदा बंद पडतात ते रस्ते आणि घाट. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. आजूबाजूला सगळीकडे पाणी, वाटेत आणखी दरडी. बाहेरची पथकं पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालेलं होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पूल गेलाय हे पहिल्यांदा ओळखून कळवलं ते जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या तरुणाने. समुद्रात बुडणाऱ्याकडे तर एवढाही अवधी नसतो. प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात जो किनाऱ्यावर उभा आहे, तोच बचाव दल.

‘अप्रशिक्षित’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ बुडालं, तेव्हा कोल्लम, आलप्पुळा, विळिंजम इथल्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि चेंगन्नूरसारख्या आतल्या गावांत नेल्या. राज्य सरकारच्या हिशेबानुसार ६६९ होड्या, साडेचार हजारांच्या आसपास मच्छीमार आणि त्यांनी बाहेर काढलेली माणसं ६५ हजारांच्या घरात. ओढीच्या पाण्यात होडी कशी धरायची, पंख्यात काही अडकलं तर काय करायचं, भरलेल्या होडीत माणसं कुठे बसवायची, हे त्यांना कुणी आठवडाभराच्या शिबिरात शिकवलेलं नव्हतं. तो त्यांचा रोजचा धंदा. आपल्या तांडेलांकडे, म्हणजे होडीच्या प्रमुखांकडे, आणि खलाशांकडे हीच विद्या आहे. डोंगरातही तेच. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर दोर लावून खाली उतरले. एकाही पैशाची अपेक्षा नव्हती.

फुकट काम म्हणजे बेशिस्त, असं मानणाऱ्यांनी चिलीतलं वाल्पराइसो हे बंदर पाहावं. १८५० च्या डिसेंबरात तिथे मोठी आग लागली. पुढच्याच वर्षी, ३० जून १८५१ ला, शहरातल्या लोकांनी स्वयंसेवी अग्निशमन दल उभं केलं. आज पूर्ण चिली देशाचं अग्निशमन स्वयंसेवकांवर चालतं. त्यांना पगार नाहीच, उलट ते दलातल्या आपापल्या तुकडीला दरमहा वर्गणी देतात. दिवसा नोकरी करून रात्रपाळीला केंद्रावर झोपतात. तरी कवायत, हुद्दे, आज्ञापालन सगळं कडक. ब्रिटनमध्ये १८२४ पासून चालत आलेल्या आरएनएलआय या जीवरक्षक नौकासंस्थेचे बहुतेक खलाशी असेच आहेत. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. शिस्त पगारातून येत नाही. नेमून दिलेलं काम आणि त्याचा सराव असेल तर येते.

फोटोंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. केरळ सरकारने होडीमागे रोज ३ हजार रुपये जाहीर केले, तेव्हा माणसं वाचवल्याचे पैसे नकोत असं काही मच्छीमारांनी उघडपणे सांगितलं.

सरकारच्या पळवाटेचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरी निष्कर्ष उलटा निघतो. चिलीत २०१२ च्या कायद्याने या दलांना लोकसेवेचा दर्जा मिळाला. माणसं स्वयंसेवी असली तरी बंब आणि साधनांचा मोठा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. आपल्याकडे ‘आपदा मित्र’ योजना आहे. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक घडवायचं ठरलं. प्रशिक्षण, किट आणि विमा, तिन्ही गोष्टी तिच्यात धरलेल्या आहेत. मागायचं असेल तर हे मागा. स्वयंसेवकाला घरी बसवल्याने सरकार जबाबदार होत नाही.

मेसेजमधलं एक म्हणणं मात्र मी शब्दशः मान्य करतो. बघ्यांची गर्दी जीवघेणी असते, आणि भावनेच्या भरात पाण्यात उडी घेणारा बऱ्याचदा स्वतःही बुडतो. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. म्हणून आधी काठी किंवा हात पुढे करायचा, मग दोर, ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन फेकायचा, मग होडी न्यायची. उडी अगदी शेवटी, तीही शिकलेल्यानेच. जेटीवर होडी पेटली तर डिझेलच्या आगीवर बादलीने पाणी मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरत जाते. त्याला फोम किंवा ड्राय पावडर लागते. शेजारच्या होड्यांचे दोर सोडून त्या लांब नेणं हे त्या घडीचं सगळ्यात उपयोगाचं काम, आणि ते कोळीवाड्यातलीच माणसं करू शकतात.

हे शिकायला प्रत्येक बंदरावर पावसाळ्याआधी दोन रविवार पुरतात. ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात तांडेलांची नावं, फोन, होडीचं इंजिन आणि त्यात किती माणसं मावतात याची नोंद हवी. जेटीवर चालू स्थितीतली अग्निशामक नळकांडी हवीत. आणि आपल्याकडे होडी घेऊन पुरात शिरणाऱ्याचं काही बरंवाईट झालं, इंजिन फुटलं, तर भरपाई कोण देणार, हे जिल्हा प्रशासनाने आधीच लेखी सांगायला हवं. त्याच्या घरी दुसरी कमाई नसते.