चार मिनिटं तेच वाजवणाऱ्या ड्रमरच्या बाजूने

नमस्कार,

दादरच्या वाद्यवृंदाबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. ज्या ड्रमरची मी स्तुती केली त्याने अख्ख्या गाण्यात एकच पॅटर्न वाजवला, मग त्यात विद्या कुठे दिसली, हा तुमचा पहिला सवाल. ‘ग्रूव्ह’ (अंग हलायला लावणारी चाल) आणि ‘पॉकेट’ (ठोके घट्ट जुळून बसणं) म्हणजे लयीत वाजवणं एवढंच असेल तर ते काम मोबाइलमधला मेट्रोनोमही, म्हणजे ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्रही करतं, हा दुसरा. दहा-वीस मिलिसेकंदांच्या गप्पांना तुम्ही निव्वळ हवा म्हटलंय, कारण तेवढा फरक कुणाला ऐकूच येत नाही. आणि शेवटी, तुमच्याकडे तबला शिकणारी मुलं आता ड्रम्सकडे वळतायत, त्यांना हे सगळं काय म्हणून सांगायचं, असं विचारलंय.

तुम्ही तबला शिकवता, म्हणून तुमच्याच बैठकीतून सुरुवात करतो. विलंबित एकताल चालू आहे, एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, गायक आलापात रमलाय. तबलजी काय करतो? ठेका. अर्धा तास ठेका. तिरकिट भरताना मात्रेचं वजन सांडू देत नाही, डग्ग्याचा घुमार पुढच्या मात्रेपर्यंत पोचवतो, आणि गायक कितीही लांब फिरून आला तरी सम त्याला जिथल्या तिथे सापडते. त्या तबलजीची विद्या कुठे दिसली, असं कुणी जाणकार विचारत नाही. याच मुंबईत शंकर-जयकिशन यांच्याकडे दत्ताराम वाडकर ताल सांभाळत. त्यांच्या ढोलकवरच्या चालीला वादकांनी ‘दत्ताराम ठेका’ असं नावच दिलं, आणि ते आजही चालतं. माणसाचं नाव मिळालं ते गाण्याखाली अखंड चालणाऱ्या ठेक्याला, कुठल्या सोलोला नाही. दादरच्या ड्रमरला मी त्याच रांगेत मोजतोय.

आता मुद्द्याचं. पॉकेट हा एकट्या ड्रमरचा गुण आहे असं धरून तुम्ही चाललायत, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे. पॉकेट वादकांच्या मध्ये तयार होतं. मी बेस गिटार वाजवतो, म्हणून त्या बाजूने सांगतो. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेसचा सूर एकत्र सुरू झाले पाहिजेत, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण तो सूर संपतो कुठे? दुसऱ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, पडणार आहे. स्नेअर पडताक्षणी मी बोटाने तार बंद केली, तर स्नेअरला मोकळी जागा मिळते आणि तो ताठ उभा राहतो. मी तार तशीच वाजत ठेवली, तर तोच स्नेअर, त्याच क्षणी, तेवढ्याच जोराने पडूनही जड आणि आळसावलेला वाटतो. ड्रमरने काहीच बदललेलं नसतं, तरी लोक म्हणतात, आज ड्रमर जरा ढिला होता. कुठल्याही जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, पाच मिनिटांत हे करून बघता येतं.

तुम्हाला हे नवं नाही. केरवा शिकवताना डग्गा कुठे उघडा ठेवायचा, कुठे मनगटाने दाबून घिस्सा काढायचा आणि खालीला तो पुरता बंद कसा करायचा, हे तुम्ही मुलांकडून घोटून घेतच असाल. बोल तेच, लय तीच, पण डग्गा चुकीच्या जागी वाजत राहिला की केरवा चालत नाही, लोळतो. ड्रम्सवर हेच काम हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने चालणाऱ्या झांजांच्या जोडीच्या उघडझापीने होतं. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेत असे, त्यामुळे स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू येई. आघात कधी सुरू होतो यावर सगळे बोलतात. त्याची लांबी आणि त्याचा जोर यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. किक, स्नेअर, हाय-हॅट यांचं आपसातलं प्रमाण बिघडलं, किंवा स्नेअरवर मधेमधे कुजबुजल्यासारखे पडणारे घोस्ट नोट्स मोठे झाले, तर वेळ अचूक असूनही गाणं हलत नाही. दादरचा तो ड्रमर हे प्रमाण पहिल्या आवर्तनापासून शेवटच्यापर्यंत राखून होता. त्याच्या बेसवाल्याचा चेहरा तुम्ही पाहिला असतात तर फार समजावावं लागलं नसतं.

पॉकेट म्हणजे जरा मागे वाजवणं, असंही तुम्ही इतरांच्या तोंडून ऐकल्याचं लिहिलंय. हे अर्धवट आहे. 1965 साली अमेरिकेत मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत गायक विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट आवर’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा निर्माता जेरी वेक्स्लरने तरुण पोरं कशी नाचतात ते स्वतः नाचून दाखवलं, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा ठोका किंचित उशिरा टाकायचं ठरलं. मोलाची गोष्ट ही की ड्रमर अल जॅक्सन एकटा उशिरा आला नाही. गिटारवर स्टीव्ह क्रॉपरही त्याच्याबरोबर तेवढाच उशिरा आला, आणि दोघंही प्रत्येक वेळी तेवढेच. एकटा ड्रमर मागे राहिला असता तर त्याला लय ओढणं म्हणतात. तुमच्याकडेही तेच म्हणतात. पुढे डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला याने एमपीसी 3000 या ड्रम मशिनवर क्वांटाइज न करता, म्हणजे यंत्राला ठोके सरळ करू न देता, ठेके रचले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते अडखळल्यासारखे वाटतात, पण ते अडखळणं प्रत्येक आवर्तनात त्याच जागी परत येतं, म्हणून कान दोन आवर्तनांत त्याच्याशी जुळवून घेतो. पुढे, मागे की बरोब्बर ठोक्यावर, हा निवडीचा प्रश्न आहे. निवडलेली जागा सगळ्यांनी मिळून धरली नाही तर तिन्ही निवडी वाया जातात.

मेट्रोनोमच्या मुद्द्यात तुमचं बरंच खरं आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. ठोके थोडे इकडेतिकडे झाले की आपोआप ग्रूव्ह येतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. 2013 साली ‘म्युझिक पर्सेप्शन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जॅझ, फंक आणि सांबाच्या छोट्या तुकड्यांमध्ये असे फरक मुद्दाम वाढवत नेले, तर श्रोत्यांनी दिलेले ग्रूव्हचे गुण घसरत गेले. 2014 च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की ठेक्यात आडव्या जागांचं, म्हणजे अपेक्षित मात्रेऐवजी मधेच पडणाऱ्या ठोक्यांचं, प्रमाण मध्यम असेल तेव्हा लोकांना सगळ्यात जास्त नाचावंसं वाटतं. फार सरळ असला तर नाही, फार गुंतागुंतीचा असला तरी नाही. तेव्हा काटेकोर वाजवणाऱ्याला मी कधीच कमी लेखणार नाही.

पण मेट्रोनोम काय ठरवत नाही ते बघा. रॉजर लिन यांच्या एलएम-1 या 1980 च्या ड्रम मशिनपासून यंत्रांत ‘स्विंग’ची सोय आहे. पाव मात्रेच्या ठोक्यांच्या जोडीतला दुसरा ठोका किती पुढे ढकलायचा, ते टक्क्यांत सांगता येतं. 50 म्हणजे सरळ, 66 च्या आसपास म्हणजे तीनच्या चालीतला. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत 50 वरून 54 वर गेलं की दुसरा ठोका साधारण 13 मिलिसेकंदांनी सरकतो. लूप लावा आणि बदलून ऐका. शेजारच्या लहान मुलालाही चाल बदललेली कळेल, भले त्याला ती शब्दांत सांगता न येवो. यंत्र 54 अचूक वाजवतं. या गाण्याला, या गायिकेच्या या शब्दफेकीला 54 हवेत की 57, हे माणसाला कळावं लागतं, आणि ड्रमर ते हाताने ठरवतो.

‘ऐकूच येत नाही’ याचं उत्तर यातच आलं. आणखी एक सोपी परीक्षा आहे. तुम्ही आणि तुमचा विद्यार्थी एकाच वेळी ‘ता’ वाजवा. वीस-तीस मिलिसेकंद चुकलात की तो ‘ता’ फाटलेला ऐकू येतो, आणि तुम्ही त्याला लगेच टोकता. पॉकेट हे याच कानाचं काम आहे.

मोठ्या ताफ्यात हा प्रश्न किती खरा होतो ते विसर्जनाच्या मिरवणुकीत दिसतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर लांबीच्या ढोलपथकात पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या रांगेला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळतो. कानावर विसंबलं तर मागची रांग घसरणारच. म्हणून मुरलेली पथकं हात आणि टिपरू बघून वाजवतात. गिरगावात गर्दीत उभं राहून मी हे पाहतो तेव्हा मला त्या पोरांचं मनापासून कौतुक वाटतं.

मेट्रोनोमला अजिबात न जमणारी गोष्ट मात्र लोकलमधल्या भजनी मंडळांकडे आहे. डब्याचा खडखडाट, टाळ, एखादी ढोलकी, बसायला पुरेशी जागा नाही. अभंग संपून गजर सुरू होतो आणि लय चढू लागते. कोणी आकडा सांगत नाही, तरी टाळ आणि ढोलकी एकत्र चढतात, आणि चढतानाही एकमेकांना चिकटून राहतात. लय स्थिर नाही, पण पॉकेट शाबूत आहे. तुमचा ‘लयीत वाजवणं एवढंच’ हा मुद्दा मला इथे अपुरा पडतो. मेट्रोनोम स्वतःची लय राखतो, दुसऱ्याची ऐकत नाही.

मुलांना काय सांगायचं? माझ्या मते बोलून फार सांगू नका, करायला लावा. मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला न ठेवता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ठेवा, नंतर आवर्तनातून एकदाच. ठोका बरोब्बर पडला की मेट्रोनोमची क्लिक त्याच्याखाली दडते आणि ऐकू येईनाशी होते. ती दडते की नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या. मग क्लिक बंद करून समोर माणूस बसवा, बेसवाला असेल तर उत्तम, नाहीतर नगमा (आवर्तनभर फिरणारी एकच धून) धरणारा पेटीवाला. एक साधा ठेका, पाच मिनिटं, एकही रोल (ड्रम्सवरची भरगच्च फिरत) नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना ड्रम्सकडे लक्ष न देता पेटीवाला सुटसुटीत वाजवतोय की सावरत वाजवतोय, एवढंच बघा. तिसऱ्या मिनिटाला बहुतेक मुलांचा हात रोलकडे वळतो, कारण त्यांना वाटतं आता लोक कंटाळले असतील. तिथे त्यांना थांबवा.

हे एकत्र करून बघायची तुमची तयारी असेल तर मला मनापासून आनंद होईल. दादर किंवा अंधेरीला तासाच्या भाड्याने जॅमरूम मिळते. मुलांना घेऊन या. बेस मी आणतो, तुम्ही तबला आणा, आणि तुमच्या केरव्याखाली मी सूर कुठे तोडायचा ते तुम्हीच मला सांगा.