वेल्क्रोचे पाकीट कोणी मागितले होते?

घडीच्या पाकिटाला मुळात बंद करण्याची सोय लागतच नाही. ते मधून दुमडून मागच्या खिशात सरकवले की खिशाच्या दाबानेच मिटलेले राहते. तरीही कोणा महाभागाला त्यावर वेल्क्रोची, म्हणजे दाबली की चिकटणारी आणि ओढली की सुटणारी, पट्टी शिवण्याची दुर्बुद्धी सुचली, आणि तेव्हापासून ही नायलॉनची ‘स्पोर्टी’ पाकिटे कधी वाढदिवसाची भेट म्हणून, कधी दिवाळीत कार्यालयाकडून, तर कधी पदपथावरची स्वस्त खरेदी म्हणून आमच्या घरात घुसतच आहेत.

त्या आवाजाला तर काय म्हणावे? मंत्रपुष्पांजली संपून मंडपात शांतता पसरलेली असते, आरतीचे तबक समोर येते, आपण दहाची नोट काढण्यासाठी पाकीट उघडतो आणि कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज होऊन चार माणसे वळून पाहतात. हळू उघडावे म्हटले, तर तोच आवाज रेंगाळत, अधिकच निर्लज्जपणे होतो. यावर या पाकिटाचे कैवारी सांगतात की आवाजामुळे खिसेकापू पकडला जातो. अहो, गर्दीच्या लोकलमध्ये खिसेकापू आपल्या खिशात हात घालून पाकीट उघडत आणि नोटा मोजत बसतो का? तो अख्खे पाकीटच उचलतो, आणि पट्टी त्या वेळी इमानेइतबारे गप्प असते.

मूळ शोधाशी माझे भांडण नाही. जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता 1941 मध्ये आल्प्सच्या डोंगरात भटकून आला, कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांच्या टोकांवरच्या बारीक, वाकड्या आकड्यांवरून ही कल्पना उभी केली. पुढे अंतराळयानात वस्तू तरंगत जाऊ नयेत म्हणूनही ती वापरली गेली. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याला किंवा लहान मुलांच्या बुटांना वेल्क्रो असावे, जरूर असावे. पण बोंडाचा मूळ धर्मच दिसेल त्याला चिकटण्याचा आहे, आणि अशी वस्तू दिवसभर खिशाच्या तळाशी ठेवली की काय होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

काही महिने वापरलेल्या पाकिटाची आकड्यांची बाजू उजेडात धरून पाहा. रुमालाचे दोरे, डोक्याचे केस, खिशाच्या अस्तराचा भुसा आणि चुरगळलेल्या पावतीचे कपटे यांचा एक करडा नमदा तिथे बसलेला असतो. तो सेफ्टी पिनने उकरून काढावा, तर त्यासोबत चार आकडेही सरळ होतात. समोरच्या मऊ बाजूचे तंतू रोजच्या ओढाताणीने तुटून पिंजल्यासारखे होतात, आणि मग पट्टी फक्त नावाला उरते. त्यातही विनोद असा की हातातल्या पिशवीची लोकर किंवा बहिणीची जरीची ओढणी पकडायची असेल, तर तिच्यात बळ शिल्लक असते.

शिवाय या बंदाची ताकद आडव्या ओढीला असते. कडेने सोलले की तो सहज सुटतो. सुटी नाणी, कार्डे आणि पावत्या कोंबून पाकीट फुगले की झाकणाची कड नेमकी वर उचलली जाते, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर पुरत्या येत नाहीत आणि बंदाची खरी गरज असते तेव्हाच तो दगा देतो. बाकी पाकीट धडधाकट असते, शिवणही शाबूत असते, फक्त ही दीड बोटाची पट्टी मेलेली असते.

बॅगांच्या चेन दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, तर त्याने पाकीट उलटसुलट करून सांगितले की जुनी पट्टी उसवून नवी मारण्यापेक्षा नवे पाकीट घेतलेले परवडेल. दुकानात जाऊन बिनपट्टीचे कापडी पाकीट मागितले, तर विक्रेत्याचे उत्तर तयार होते: “साहेब, कॅज्युअलमध्ये सगळे असेच येते. पट्टी नको असेल तर चामड्याचे घ्या.” त्याची किंमत जवळपास तिप्पट होती. म्हणजे जी गोष्ट आम्ही कधी मागितलीच नव्हती, ती न लावल्याबद्दलही पैसे आम्हीच मोजायचे!