गुलाबी कूपन, पिवळी खिचडी

दुर्गापूजेतल्या अष्टमीच्या दुपारी, पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात, ज्या खिचडीचे तांदूळ मी स्वतः दुकानं पालथी घालून आणले होते, तीच खिचडी मला नाकारण्यात आली. माझं कूपन गुलाबी होतं आणि अष्टमीचा रंग पिवळा. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा हे लिखाण निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

बंगाली मंडळींच्या दुर्गापूजा समितीत मराठी माणूस कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा परवानग्यांची फाइल हातात घेऊन बघावी. मांडव, ध्वनिक्षेपक, अग्निशमनचा दाखला, तात्पुरतं वीजमीटर, विसर्जन. अर्ज मराठीत, म्हणून मी. आणि एकदा आत शिरलेल्या माणसाच्या गळ्यात आणखी काय काय पडतं ते सांगायला नको. माझ्या गळ्यात नवपत्रिका पडली.

सप्तमीला सकाळी न्हाऊ घालून, लाल काठाची पांढरी साडी नेसवून गणपतीशेजारी उभी करतात ती ही. केळ, अळू, हळद, जयंती म्हणजे आपली शेवरी, बेल, डाळिंब, अशोक, मानकचू आणि भात, अशा नऊ वनस्पती पांढऱ्या गोकर्णीच्या वेलाने बांधायच्या. भात मुळशीकडून ओंब्यांसकट मिळतो. बेलाच्या फांदीला जोडफळ हवं. मानकचू म्हणजे हत्तीच्या कानाएवढ्या पानांचा अळूचा थोरला भाऊ, तो रोपवाटिकेत शोभेचं झाड म्हणून भलत्याच भावाने विकतात. खरी गोची अशोकाची. सोसायटीच्या फाटकापाशी शिपायासारखा ताठ उभा असतो तो अशोक खोटा; पूजेला सीतेचा अशोक लागतो, केशरी फुलांच्या गुच्छांचा. दरवर्षी कुणीतरी उत्साही माणूस खोट्याची फांदी मोडून आणतो आणि ती परत नेऊन टाकायचं कामही माझंच. एवढं करून मांडवात आलेला दर दुसरा माणूस विचारतो, “ही गणपतीची बायको ना?” नाही हो. ती दुर्गाच. पुरोहितांनी सांगून सांगून सोडून दिलं.

आता खिचडी. पाचशे पानांना तीस किलो तांदूळ आणि तीस किलो मूगडाळ, म्हणजे माणशी साठ-साठ ग्रॅम. तांदूळ गोबिंदोभोग हवा, आखूड आणि वासाचा. तो पुण्यात वेळेवर पुरेसा मिळाला नाही तर आंबेमोहोर चालतो. इंद्रायणी आणू नये. तिचा गोळा होतो आणि पळी उभी राहते. डाळ कोरडी भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत, आणि मग धुवायची. आधी धुतली तर नीट भाजली जात नाही, जास्त भाजली तर सगळं पातेलं कडवट. डाळ अर्धी शिजली की तांदूळ, मग बटाटा, फ्लॉवर, आलं, जिरं, तेजपान. कांदा-लसूण नाही. शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं सतत तयार, कारण ही खिचडी अर्ध्या तासात आळते. डाळ तळाशी बसते, तळ लागतो, आणि लागलेला तळ कुणी इमानदारीने खरवडला की करपल्याचा वास वरपर्यंत जातो. म्हणून तळ खरवडायचा नाही, हा आचाऱ्याचा पहिला नियम. सोबत लाबडा, म्हणजे भोपळा, वांगं, मुळा, रताळं यांची पंचफोडण (पाच मसाल्यांची फोडणी) घातलेली मिसळभाजी, मग टोमॅटो-खजूर-आंबापोळीची चटणी, पापड, पायेश म्हणजे खीर.

हे सगळं तीन हातांवर होतं आणि मध्ये कूपनवाले दादा होते.

निवृत्त गृहस्थ. पुढ्यात स्टीलचा डबा, शिक्का, शाईचं पॅड आणि पट्टी. ही पट्टी कूपन छिद्रांच्या रेषेवर सरळ फाडण्यासाठी. वाकडं फाटलेलं कूपन ते जोडून, निरखून, मग स्वीकारतात.

“दादा, होबे ना. गोलापी सप्तमी.”

म्हटलं, काल जेवलो नाही म्हणून तर शिल्लक आहे. काल पंगतीच्या वेळी एका खाद्यस्टॉलने पाणी तापवायचा हीटर मांडवाच्या लायनीवर लावला, वीज गेली, मी मीटरपाशी होतो.

“सप्तमीची खिचडी सप्तमीला संपली,” दादा म्हणाले. हिशेब म्हणून बिनतोड.

मग मी तिथीवर आलो. बंगालात पंचांगांचे दोन पंथ आहेत. जुनं ‘गुप्त प्रेस’ पंचांग सूर्यसिद्धांत या प्राचीन ग्रंथाच्या गणितावर चालतं. 1890 पासून निघणारं ‘विशुद्ध सिद्धांत’ दृक्‌गणितावर, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी जुळणाऱ्या गणितावर. दोघांच्या तिथीत कधीकधी तासांचा फरक पडतो. आपल्याकडे टिळक पंचांगवाल्यांचा गणपती काही वर्षी महिनाभर आधी बसतो, त्यामुळे हसायचं कारण नाही. मी म्हटलं, “दादा, गुप्त प्रेसप्रमाणे अष्टमी काल पंगत चालू असतानाच लागली. म्हणजे काल अष्टमीची खिचडी गुलाबी कूपनावर वाढली गेली. मग गुलाबी कूपन अष्टमीला चालतं, हे तुम्हीच सिद्ध केलंय.”

दादांनी पट्टी खाली ठेवली. रांगेतले लोक ताटं घेऊन वाकले. दादा उठले, पुरोहितांकडे गेले, पंजिका म्हणजे पंचांग घेऊन आले, चष्मा बदलला, बोट ओळीवर फिरवलं. रांग मंगल कार्यालयाच्या पायरीपर्यंत गेली. मागून एक बौदी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, “ओ दादा, खिचुडी जमे जाच्छे!” खरंच आळत होती.

“आपल्या समितीने विशुद्ध सिद्धांत स्वीकारलाय,” दादा म्हणाले. “ठराव आहे. त्यात अष्टमी पंगत उठल्यावर लागली. भांडी घासताना.”

“मग भांडी घासणाऱ्यांना पिवळी कूपनं दिलीत?”

ते विचारात पडले. अगदी प्रामाणिकपणे पडले. वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग माझ्या ताटात पापड आणि चटणी ठेवली. “चटणी कूपनात नाही,” म्हणाले, आणि पुढच्या माणसाचं कूपन पट्टीखाली घेतलं.

दादांचा दोष नाही, असं लोक मला समजावतात. आहे, पण थोडा. मूळ गणित चुकतं ते पुष्पांजलीत. कूपनं पंचमीपर्यंतच्या नोंदणीवर छापलेली, आणि अष्टमीच्या अंजलीला येतो सगळा गाव. प्रत्येकाला तीन वेळा मूठभर फूल द्यायचं. मुठीत वीस ग्रॅम धरले तरी सातशे माणसांना बेचाळीस किलो. मार्केट यार्डात नवरात्रात झेंडूचा भाव काय असतो ते वेगळं सांगत नाही. उपाय एकच: झेंडूच्या पाकळ्या मोकळ्या करून बेलाच्या पानांत मिसळायच्या, मग मूठ भरल्यासारखी वाटते. आणि फुलं टोपल्यांत गोळा करायची, फेकू द्यायची नाहीत. नाहीतर तिसऱ्या मंत्राला पुढच्या ओळीतल्या सगळ्या आज्यांच्या अंबाड्यांत झेंडू. आता हे सातशेजण सकाळपासून उपाशी. अंजली झाली की ते सरळ पंगतीकडे वळतात आणि “आम्ही देणगी दिलीय” एवढंच म्हणतात. त्यांना मिळते. देणगीच्या पावतीला रंग नसतो.

याचाच मला खरा राग आहे. चारचाकीतून उतरून फोटो काढून जेवून जाणाऱ्याला दादा उठून खुर्ची देतात, आणि मांडवाला बांधलेल्या माणसाकडे कूपन मागतात. गणेशोत्सवातही असंच चालतं, माहीत आहे.

त्या संध्याकाळी संधिपूजा. अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24. 108 दिवे, 108 कमळं. कमळं बाजारातून येतात ती मिटलेली, टोकदार. एकेक पाकळी बाहेर दुमडून उघडावी लागतात, तीही आयत्या वेळी, कारण आधी उघडली तर कडा काळ्या पडतात. तोवर ओल्या फडक्यात ठेवायची. हे काम करायला बसलो, तर समोर पट्टी न आणता दादा येऊन बसले. बोटं त्यांची माझ्यापेक्षा सफाईदार. बराच वेळ कुणी बोललं नाही.

“पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांना साडेबाराला, पंगतीआधी जेवायला बसवा. कूपन नको,” मी म्हटलं.

“चांगली सूचना आहे,” दादा म्हणाले. “लेखी द्या. तीन प्रती.”